डॉक्टरांच्या गाडीचा कौल

दवाखान्यात औषधाच्या बाटल्या रिकाम्या होत जातात आणि किस्से मात्र साचत जातात. वीस वर्षं मी रत्नागिरीत डॉक्टर साठ्यांकडे कंपाउंडर होतो. पुड्या बांधायच्या, बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, आणि बाहेरगावची व्हिजिट आली की बॅग घेऊन गाडीत मागे बसायचं, हे माझं काम. पहिल्या दोन कामांत एकही किस्सा घडला नाही. जे काही घडलं ते सगळं गाडीत. गाडीत बसायची मला भीती वाटायची, हे आता सांगायला हरकत नाही.

गाडी डॉक्टरांनी मुंबईहून आणली तेव्हाच कुणीतरी वापरून टाकलेली होती. मी सांगतोय ते तीस-बत्तीस सालच्या सुमाराचं. तोवर तिचं कापडी टप तीनदा शिवून झालं होतं आणि भोंग्याचा रबरी फुगा दोनदा बदलून झाला होता. ती चालवायचा सखाराम शिवगण. मुंबईत गॅरेजमध्ये काम करून आलेला, काळा, उंच आणि भलताच मानी माणूस. गाडीला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. डॉक्टरांनी ठेवलेलंसुद्धा!

*

या गाडीची एक खोड होती. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि मोठा चढ आला, की टाकी खाली आणि इंजिन वर, त्यामुळे पेट्रोल पोचायचंच नाही. यावर सखारामकडे उपाय होता. तो गाडी वळवायचा आणि रिव्हर्समध्ये अख्खा चढ उलटा चढायचा. मी खाली उतरून हातात दगड घेऊन बरोबर धावायचं, आणि गाडी घसरायला लागली की चाकाखाली दगड सारायचा. डॉक्टर आत छातीशी बॅग धरून बसलेले, तोंड दरीकडे.

एकदा गोळप गावाला असेच निघालो होतो. एका म्हाताऱ्याला जुलाब लागून तो अगदी निपचित पडला होता. त्याचा भाऊ वर चढाच्या माथ्यावर वाट बघत उभा. त्याला वरून काय दिसलं, तर गाडीचं तोंड रत्नागिरीकडे आणि चाकं फिरतायत! तो धोतर सावरत उतारावरून धावत सुटला.

"आवो डाक्टरानु, पळताव कुठं? अजून जीव हाय त्याच्यात!"

*

गोळपला जायचं म्हणजे आधी भाट्याची खाडी ओलांडायची. तिथे गाडी पलीकडे न्यायला हसनमियाँची तर होती. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या ठोकलेल्या. त्या फळ्या हसनमियाँनी आमच्याच गाडीच्या मापाने ठोकून घेतल्या होत्या, कारण त्या वेळी खाडीपलीकडे जाणारी दुसरी गाडी नव्हतीच. चारही चाकं बसली की पुढे वीतभर आणि मागे वीतभर जागा उरे.

हसनमियाँचा नियम कडक होता. तरीवर गाडी चढली की सगळ्यांनी खाली उतरून काठाला धरून उभं राहायचं. डॉक्टर उतरायचे, मी तर आधीच उतरलेला असायचो. सखाराम मात्र स्टिअरिंग धरून आत बसून राही. एकदा भरतीचं पाणी जोरात होतं, होड्या हेलकावे खात होत्या, तेव्हा मी ओरडलो, "अरे सखाराम, उतर! बुडाली तर आत अडकशील!"

तो म्हणाला, "कंपाउंडर, बुडताना तिच्याजवळ कोन तरी नको?"

*

आता पुढच्याला किस्सा म्हणवत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गोळपच्या भिकू घाणेकराची बायको बाळंतीण होत होती. पहिलटकरीण, मूल आडवं. सकाळीच निरोप आला. तरीवरून नीट गेलो, पण वाटेतलं फणसोप गाव सोडलं आणि गाडी बंद पडली. ठिणगीच पडेना. सखारामने सगळं उघडून पुसलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. हँडल मारून मारून त्याचा तळहात सोलून निघाला. डॉक्टर रस्त्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "मी चालत सुटतो." निघालेही. अर्ध्या कोसावर गेले असतील, तोच गाडी सुरू झाली. आम्ही त्यांना गाठलं, आत घेतलं आणि तो चढ उलटा चढू लागलो.

मधल्या वळणावर, काजूच्या झाडाखाली भिकू उभा होता. सखारामने गाडी थांबवली. भिकू डॉक्टरांजवळ आला. रडत नव्हता. टपाच्या दांडीला हात लावून म्हणाला,

"आता घाई नाय, डाक्टरानु. सावकाश येवा."

डॉक्टर तसेच गेले. जे करायचं राहिलं होतं ते त्यांनी केलं. त्यानंतर महिनाभर डॉक्टर जेवताना अर्ध्यावर उठायचे. मला त्यांचा फार राग यायचा आणि फार वाईटही वाटायचं, कारण दोष त्यांचा नव्हता आणि ते मान्य करत नव्हते.

*

तेव्हापासून घरात एकच विषय. जुनी सगळी खोलून नीट करायची की विकून नवी घ्यायची?

सखारामचं म्हणणं, "मुंबईसून चार पार्ट मागवा, अजून दहा वर्सं अडायची नाय." डॉक्टरांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, म्हणणं की नवीच घ्या. डॉक्टर सकाळी जुनीच्या बाजूचे, संध्याकाळी नवीच्या. आणि आमचा दवाखाना असा, की नाडी दाखवायला आलेला माणूस मत दिल्याशिवाय उठायचा नाही. कुणी डोळ्यांत औषध घालून घेता घेता सांगे, नवी गाडी आपल्या रस्त्यांवर टिकायची नाही. कुणी खोकत खोकत सांगे, हिरवा रंग घेऊ नका.

एक पेन्शनीत निघालेले अण्णा होते. ते एके दिवशी बाकावर बसून मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, वय झालं म्हणून काय झालं? इतकी वर्षं सेवा केली तिने. माणूस म्हातारा झाला, खोकायला लागला, म्हणून आपण तो बदलून नवा आणतो का?"

आतून, पडद्यामागून, वहिनींचा आवाज आला, "सोय असती तर विचार केला असता!"

त्या दिवशी डॉक्टर महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

*

शेवटी वहिनी ग्रामदेवतेला कौल लावायला गेल्या. डॉक्टरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांना न सांगता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. "नवी गाडी घरात यावी का?" उजवी पाकळी पडली. म्हणजे होय! वहिनींनी घरी येऊन साखर वाटली.

आणि मग कळलं की सखाराम त्याच सकाळी, त्यांच्या आधी, त्याच देवीपुढे जाऊन आला होता. त्याने विचारलं होतं, "जुनी गाडी ऱ्हावी का?" त्यालाही उजवाच कौल!

दोघं एकमेकांशी बोलेनात. गाडीतली कुजबुज दवाखान्यात, दवाखान्यातली स्वयंपाकघरात. अखेर डॉक्टरांच्या कानावर गेलंच. ते इतके चिडले की गुरवालाच बोलावून घेतलं. "काय हो, दोघांनाही उजवा? देवीला एक काय ते ठरवता येत नाही?"

गुरव शांतपणे पायरीवर बसला. "देवीनं इचारलं त्याचं उत्तर दिलंन. तुमच्या घरात दोन प्रश्न हायत, त्याला देवी काय करनार?"

*

डॉक्टरांनी नवी घेतली. गोळपचं वळण त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, दुसरं कारण नाही. जुनी भाट्याच्या पलीकडच्या काठावरच्या नाना खोतांनी नेली. नानांना गाडी चालवता येत नव्हती, पण दारात असावी अशी हौस होती. सखारामनेच ती तरीवरून पलीकडे पोचवली आणि होडीने खाडी ओलांडून चालत परत आला. दोन दिवस तो कामावर आला नाही. वहिनींनी स्वतः निरोप धाडला, तेव्हा आला.

नवी गाडी काळीभोर, चकचकीत. बटण दाबलं की सुरू! सखाराम तिच्यात वहाणा काढून बसायचा. प्रेमाने नव्हे, परक्याच्या घरात बसावं तसा. पहिल्या दिवशी डॉक्टर आत बसले, मी बसलो, आणि सखाराम सवयीने खाली उतरून पुढे गेला. वाकला. हँडल घालायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला मानूस कशाला पायजे?"

*

नवी गाडी येऊन आठ दिवस झाले असतील. सकाळचे नऊ वाजले होते, बाकं भरलेली. दारात भिकू घाणेकर उभा राहिला. माझ्या हातातली बाटली कलंडली.

"माजी बहीन," तो म्हणाला. "पहाटेपासून अडलीय. सुईन म्हनते तिच्या हातातलं नाय."

डॉक्टरांनी कोटसुद्धा घातला नाही. बटण दाबलं, गाडी सुरू झाली. एका ठोक्यात! डॉक्टर मला म्हणाले, "बघितलंस विनायक? यासाठी घेतली." पाव तासात आम्ही खाडीवर.

हसनमियाँनी गाडीकडे बघितलं. मग आपल्या तरीकडे बघितलं. मग वीत लावून गाडी मापायला लागले.

"डॉक्टर, ही जुनीपरीस दोन हात लांब हाय. मागची चाकं पान्यात ऱ्हातील."

चार महिने! चार महिने आम्ही रंगाची चर्चा केली, भोंग्याची केली, दोन दोन कौल लावले, अख्ख्या पेठेची मतं घेतली. आणि तर मापायचं एकालाही सुचलं नव्हतं. डॉक्टर फळ्यांकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. भिकू नुसता पलीकडच्या काठाकडे बघत होता.

सखाराम म्हणाला, "हिला ऱ्हाऊ दे. होडी सोडा बेगीन."

चौघं होडीतून पलीकडे गेलो आणि धावत नाना खोतांचं घर गाठलं. नाना सोवळ्यात, पूजेला बसलेले. मधेच बोलायचं नाही असा त्यांचा नेम. डॉक्टर दारातूनच ओरडले, "नाना, गाडी नेतो!" नानांनी डोळे वटारले आणि घंटा वाजवत दुसऱ्या हाताने गोठ्याकडे बोट दाखवलं.

गाडी गवताच्या भाऱ्यांमागे उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला हुसकून मी अंडी माझ्या टोपीत भरली आणि टोपी भिंतीपाशी ठेवली. सखारामने टाकीत काडी घालून बघितली. "तळाला हाय. चढ उलटाच घ्यावा लागंल."

त्याने हँडल घातलं. एकदा, दोनदा. काही नाही. पाचव्यांदा ती नुसती खोकली. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. सखाराम वाकून तिला हळूच काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा हँडल मारलं.

सुरू झाली!

फणसोप गेलं. चढ आला. सखारामने गाडी वळवली, मी दगड घेऊन उतरलो, भिकू फुटबोर्डावर. डॉक्टरांचं तोंड दरीकडे. गाडी वर वर जात होती, आणि नेमकी त्या मधल्या वळणावर, त्या काजूच्या झाडाखाली, धापा टाकून बंद पडली. मी दगड सारला.

भिकू खाली उतरला आणि त्याने गाडीला खांदा लावला. डॉक्टरही उतरायला लागले, तसा सखाराम पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला, "तुमी बॅग धरून बसा! तुमचं काम वर हाय!" त्याने पुन्हा हँडल मारलं आणि उडी मारून आत बसला. भिकूने रेटलं, मी रेटलं. गाडी हलली. मग ती थेट भिकूच्या अंगणातच थांबली.

डॉक्टर आत गेले, दार लागलं. आम्ही तिघं अंगणात. मी फणसाच्या बुंध्याला टेकून बसलो होतो. सखाराम गाडीचं नाक पुसत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा. भिकू दाराकडे पाठ करून उभा होता.

आणि आत मूल रडलं. चांगलं खणखणीत!

बऱ्याच वेळाने डॉक्टर हात पुसत बाहेर आले. बाळ-बाळंतीण दोघं ठीक, असं सांगितलं आणि लगेच घड्याळ बघितलं. दवाखान्यात बाकं भरलेली होती. ते गाडीत बसले. सखारामने हँडल मारलं. गाडी ढिम्म. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी ढिम्म.

"सखाराम, अरे लवकर!" डॉक्टर म्हणाले.

भिकूने एक शहाळं फोडून आणलं होतं. तो गाडीजवळ आला. टपाच्या दांडीला हात लावून उभा राहिला. या वेळी मात्र तो रडत होता. शहाळं डॉक्टरांच्या हातात देत म्हणाला,

"आता घाई नाय, डाक्टरानु. सावकाश जावा."