मिरचीच्या पोटात

स्वयंपाकघरातून दालचिनीचा वास येतो आहे आणि त्याच्या मागून, चोरपावलांनी, भिजलेल्या मोहफुलांचा. जडसर, गोड, किंचित उग्र असा हा वास नागभीडच्या आमच्या गल्लीत पसरला की शेजारी खिडकीतून डोकावतात. यांच्याकडे दारू गाळतात की काय? मी त्यांचा संशय मुळीच दूर करत नाही. या वयात आपल्याबद्दल कुणाला संशय यावा, हे काय थोडं भाग्य आहे! प्रत्यक्षात आत एक तुर्की पदार्थ शिजतो आहे. शिमला मिरच्या, टमाटर आणि बुटकी वांगी आतून कोरून, भातानं भरून, स्वतःचीच टोपी डोक्यावर घेऊन पातेल्यात खांद्याला खांदा लावून बसली आहेत. वर एक ताटली उलटी दाबली आहे, म्हणजे कुणी हलायला नको. आणि ओसरीवर आमचे व्याही बसले आहेत, ज्यांच्यामुळे हा पदार्थ या घरात आला.

तो आला संशयाच्या बोटाला धरून. आमच्या मुलानं गडचिरोलीत नर्स असलेल्या एका मुलीशी लग्न ठरवलं. मुलगी माडिया आदिवासी, एटापल्लीच्याही पलीकडच्या गावातली. तिचे वडील आमचं घर पाहायला आले. उंच, काटक, मोजकं बोलणारा माणूस. माझ्या बायकोनं बासुंदी आटवली होती, तुपातला शिरा केला होता, चहावर साय तरंगत होती. पाहुण्यांनी पाणी घेतलं, चहाकडे पाहिलं, बासुंदीकडे पाहिलं, हात जोडले आणि दुपारच्या बसनं निघून गेले. आता सोयरिकीच्या बैठकीत कुणी चहाला हात लावत नाही, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

"त्याईले आपलं घर पसंत नाई," बायको म्हणाली. "मले तं वाटते, त्याईच्या पोटात काईतरी हाय."

मी झाडीपट्टीच्या नाटकांत कित्येक वर्षं खलनायक रंगवला आहे. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय शिजतं, हे मला लगेच कळतं असा माझा समज. मी निकाल देऊन टाकला, की यांनी दुसरा जावई बघून ठेवला आहे. घरावर सुतकी कळा आली. मुलगा ताटावर बसायचा आणि अर्धपोटी उठायचा. आठवड्यानं मुलीचा फोन आला. त्यांच्या गावात गाईचं दूध काढत नाहीत, ते वासराचं. वडील दुधाला शिवत नाहीत. "मी होस्टेलात चहा प्यायले शिकली, म्हनून ध्यानातच आलं नाई," ती म्हणाली आणि पुढे एवढंच बोलली, की बाबा आणखी एकदा येतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही.

झालं! सारं काही एका जेवणावर येऊन ठेपलं. त्यांच्याकडून दूध, दही, तूप वजा. बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून आमच्याकडून मटण आणि अंडी वजा. "उरलं काय? मीठ!" मी म्हणालो. साधा वरणभात चालला असता, पण सोयऱ्याला रोजची भाजी वाढणार ती माझी बायको कसली! तिनं मोबाइलवर कुणी तुर्की बाई शोधून काढली. ती भाज्यांत भात भरून नुसत्या तेलात शिजवत होती. तिचं ते ऑलिव्हचं तेल नागभीडला कुठलं मिळायला? शेंगदाण्याचं घेतलं. तिकडच्या चिलगोज्यांच्या जागी चारोळी आली आणि मनुकांच्या जागी आठवडी बाजारातली मोहफुलं.

"तुर्कांच्या भाजीत खिमा नसतो, हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"या डोळ्यानं पाह्यलं म्या. तुमी फक्त नाटकातलं तोंड करू नोका त्याईच्यासमोर."

आणि वर हा पदार्थ म्हणे थंड वाढायचा! पाहुणा म्हणणार, शिळं वाढलं.

ते आले. कोरा चहा प्यायले. ताटात टोपीवाली मिरची आली. त्यांनी तिला बोटानं हळूच ढोसलं.

"बाई, याच्या पोटात का हाय?"

"भात हाय, भाऊ."

"दूध?"

"नाई."

"तूप?"

"थेंब नाई."

"मंग झाकन काऊन लावलं?"

या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर असेल तर त्यानं मला कळवावं. त्यांनी झाकण उचलून बाजूला ठेवलं, भात ताटात पसरला, एकेक दाणा सरकवून पाहिला. चारोळी ओळखली. मग एक मोहफूल चिमटीत धरून नाकाशी नेलं, तोंडात टाकलं. कचकन आवाज झाला.

"कोनं वेचला हा मोह?"

"बाजारातून आनला," बायको पुटपुटली.

"तरीच. झाडाखालची जागा झाडली नाई त्यानं. रेती हाय."

संपलं, मी मनाशी म्हणालो. पण ते जेवत राहिले. दुसरी मिरची मागितली, तीही उघडून तपासली आणि हात धुताना म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेले बाजारातून आनू नोका. मी आनतो." पुढच्या खेपेला! बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मोह वेचून झाला की ते कापडी पिशवी घेऊन येतात आणि दरवेळी झाकण उचलून आत पाहतात. एकदा मी छेडलं, "भाऊ, अजून भरोसा नाई का?" ते म्हणाले, "भरोसा हाय. पन पाह्यलं पाह्यजे."

यंदा पिशवी अर्धीच आहे. झाडं कमी झाली की वाकणारी कंबर थकली, हे मी विचारलं नाही. बायकोनं गुपचूप बाजारातली फुलं मिसळली आहेत, हे मी पाहिलं आहे. पातेलं निवलं, आता ताटं मांडली गेली. व्याह्यांनी झाकण उचललं, भात सरकवला, पहिला घास घेतला. कचकन आवाज झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिनं पाण्याच्या तांब्याकडे. मग त्यांनी दुसरी मिरची घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, झाकण न उचलता, तशीच खाल्ली.

हा भरवसा म्हणायचा की थकवा? मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्या ताटातल्या मिरचीचं झाकण उचललं आणि आत पाहिलं.