खारवलेला तुकडा

आमच्या मायक्रोस्कोपला बघायच्या नळ्या दोन होत्या, पण डॉक्टर एकाच डोळ्याने बघत. उजवा डोळा नळीवर, डावा उघडा आणि आमच्यावर. "जुन्या मायक्रोस्कोपला एकच नळी असायची, सवय आहे," असं सांगत. मला विचाराल तर ती सवय नव्हती, पाळत होती. काचपट्टीवरचा कॅन्सर आणि माझी चहाची सुट्टी, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत.

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझी लॅब आहे. मुंबईच्या इस्पितळातून निवृत्त झालेले हे पॅथॉलॉजिस्ट माझ्याकडे बसायचे. तलासरी, झरी, कैनाड, कुठूनकुठून काढलेल्या गाठी बाटलीतून यायच्या. त्यांचे पातळ काप करून रंगवायचं काम आमचं, बघायचं काम त्यांचं. आणि बघणं तरी किती! तलासरीचा डॉक्टर फोन करून थकायचा. "पेशींना घाई नाही, त्याला कसली?" आमचे डॉक्टर म्हणायचे. पेशींना घाई असते म्हणून तर माणसं मरतात, असं मी एकदा सुनावलं. त्यांनी डावा डोळा माझ्यावर रोखला आणि रिपोर्ट आणखी एक दिवस लांबवला.

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "कडेला काय चाललंय ते बघा." गाठ मध्यभागी सारखीच दिसते, खरी भानगड कडेला, असं त्यांचं म्हणणं. "सभेतली माणसं बघा, बाई. मधली बसून असतात. कडेची चपला घालून उभी. दोघं इकडून सटकतात, चौघं तिकडून. गाठीच्या कडेला अशा सुट्या पेशी दिसल्या, की ती पसरण्याची भीती जास्त." छान समजावत, फक्त ज्याची गाठ त्याला सोडून. पेशंटला भेटायचं नाव नाही. "माणूस समोर आला की रिपोर्ट बिघडतो." तुम्हीही असे विद्वान पाहिले असतील. मानवजातीसाठी जीव टाकतात, पण त्यातलं कुणी दारात उभं राहिलेलं चालत नाही.

मग ती मासेवाली आली. स्टेशनबाहेरच्या बाजारात बसायची आणि तिचा आवाज आमच्या काउंटरपर्यंत पोचायचा. जन्मभर तपकीर लावून जिभेच्या कडेला गाठ झाली. गावातल्या सर्जनने ती काढली, नासू नये म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत घातली आणि बाटली नवऱ्याच्या हातात दिली. आमची लॅब बंद होती, म्हणून तो ती घरी घेऊन गेला. जावेने झाकण उघडलं, तर वासाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. असल्या पाण्यात मांस नासेल, म्हणून तिने ते ओतून दिलं, तुकडा स्वच्छ धुतला, मीठ चोळलं आणि बर्फात ठेवला. मासळी टिकवण्यात ज्या घराचा जन्म गेला, त्या घराने तोही टिकवला.

सकाळी नवऱ्याने डबा काउंटरवर ठेवला. "एकदम फ्रेश आहे, ताई."

आतून डॉक्टर ओरडले, "हे सुकट आहे, बाई!"

मधोमध कॅन्सर दिसत होता. कड मात्र मिठाने आकसलेली, बर्फाने फाटलेली. सर्जनचा फोन आला. "गाठ लहान होती, सगळी काढली. पसरण्याची चिन्हं नाहीत असं लिहा आणि मोकळे व्हा."

"दिसत नाहीत आणि नाहीत, यात फरक आहे," असं म्हणून डॉक्टरांनी फोन आपटला. त्यांना त्याच जागेचा आणखी खोल तुकडा हवा होता. त्यात सुट्या पेशी सापडल्या, तर जिथे त्या आधी पोचतात त्या मानेचंही ऑपरेशन करावं लागणार. न बघता सोडलं आणि पेशी सटकलेल्या असल्या, तर ती बाई हातची जाणार.

तिला समजवायला मी बाजारात गेले.

"परत कापायचं? जीभ गेली तर मासळी काय हातवारे करून विकू? त्या म्हाताऱ्याला सांग, स्वतःची काप!"

मी निरोप शब्दशः पोचवला. पोचवताना मजाही आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः बाजारात, मी मागे. इस्त्रीचा शर्ट घालून टोपलीसमोर उभे राहिले. तिच्या तोंडाकडे नाही, पापलेटांकडे बघत.

"घ्या ना काका, ताजं आहे."

"कशावरून?"

तिने कल्ला उचलून दाखवला. "लाल आहे बघा."

"कल्ले कापून टाकलेले असते तर?"

"तर मी शपथ घेतली तरी घेऊ नका."

"तुमच्या गाठीचे कल्ले गेलेत," डॉक्टर म्हणाले. "आता मी काय सांगू?"

तिने पापलेट टोपलीत परत ठेवलं. मग माझ्यावरच उखडली. "असं बोलायचं ना पहिलं! ही ताई काल नुसतं इंग्लिश झाडत होती." आणि त्यांना म्हणाली, "ह्या वेळी बाटली कोण आणणार?"

"मी."

खरंच आणली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून राहिले आणि रिक्षातून बाटली मांडीवर धरून आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार केला असणार.

नव्या तुकड्याच्या कडेला दोन-दोन, चार-चार पेशी सुटलेल्या होत्या. मुंबईत तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. वरून चाचपून हाताला न लागलेल्या दोन गाठींमध्ये कॅन्सर निघाला. मी ही बातमी सांगितली, तर डॉक्टर "हं" म्हणाले आणि पुढची काचपट्टी मागितली. बरी झाल्यावर ती त्यांना भेटायला आली, तेव्हा "मी जेवायला गेलोय म्हणून सांगा," असं मला आतूनच बजावलं. तिने ते ऐकलं.

गेल्या वर्षी डॉक्टर झोपेतच गेले. आता काचपट्ट्यांचे फोटो मुंबईला जातात, रिपोर्ट वेळेवर येतो, तलासरीचा डॉक्टर खूश आहे.

डॉक्टर गेल्याचं मी बाजारात जाऊन तिला सांगितलं. तिची जीभ आता जड झाली आहे, अर्धे शब्द तोंडातच फिरतात. "माझ्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही म्हाताऱ्याने," ती म्हणाली. "एकदा तरी बघायचं."

समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. तिचं बोलणं कळत नाही असं दाखवून भाव पाडत होतं. तिने तोंडावरचा पदर काढला आणि भाव पुन्हा सांगितला. त्याने पुन्हा न कळल्यासारखी मान हलवली. तिसऱ्यांदा तिने तो इतक्या मोठ्याने सांगितला, की पलीकडच्या रिक्षावाल्यांनीही वळून पाहिलं, आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने पिशवी पुढे केली.