तोकिएबाईंच्या पाच सळया

तोकिए मिनेगिशी यांनी चव्वेचाळीस वर्षं तातामी शिवल्या. भाताच्या काडाच्या त्या जाड चटईतून वीतभर सुई आरपार काढायची आणि कोपराने दाबून दोरा आवळायचा. त्यांचं उजवं कोपर टाचेसारखं कडक झालं होतं. संध्याकाळी त्या आमच्या तालमीत शुरिकेन फेकायला यायच्या. आमच्याकडचं शुरिकेन म्हणजे चांदणी नव्हे, एका टोकाला अणी असलेली सरळ पोलादी सळई. मी कारखान्यात लेथवर होतो, म्हणून तालमीच्या सळया मीच करून द्यायचो.

अणी वर ठेवून सळई बोटांना टेकवायची, हात वरून खाली आणायचा आणि ती बोटांवरून घसरू द्यायची. मनगटाला झटका नाही. हवेत तिने फक्त पाव वळसा घ्यायचा, आणि अणी पुढे आली की समोर उभ्या केलेल्या चटईत रुतायचं.

सहासष्टाव्या वर्षी तोकिएबाईंना पक्षाघाताचा हलका झटका आला. उजवा हात परत आला, पण तालमीच्या तोमारु गुरुजींना त्याचा भरवसा नव्हता. त्यांनी सांगितलं की शरदातल्या उत्सवात देवळापुढे फेकायला उभं राहायचं असेल तर आधी तालमीत नऊ पावलांवरून पाचच्या पाच रुतल्या पाहिजेत. देवळापुढे माणसं जवळ उभी असतात. बाईंनी हुज्जत घातली नाही.

त्या रोज दोनशे वेळा फेकू लागल्या. वसंतात पाचांतल्या तीन रुतायच्या, जूनमध्ये दोन, ऑगस्टमध्ये एक. सळई मान खाली घालून पोचायची, चटईवर आपटून लाकडी जमिनीवर पडायची.

"हात संपला," त्या मला म्हणाल्या. सगळ्यांना बार्लीचा चहा ओतला, आणि उद्यापासून आपण चहाचंच बघणार असं सांगितलं.

मला पटेना. आणखी शंभर फेका म्हटलं आणि बसून नुसता हात पाहिला. शंभरही वेळा तीच उंची, तोच वेग. कारखान्यात असा हात दिसता तर मी चूक हत्यारात शोधली असती. मग सळई मागितली.

पडली की अणी बोथट होते. बाई ती रोज घरी दगडावर घासायच्या. जितक्या जास्त पडायच्या तितकं जास्त घासणं. माझ्याकडच्या मूळ मापाच्या नमुन्याशेजारी ठेवली, तर बोटाचं एक पेर आखूड. आखूड सळई लवकर वळते. नऊ पावलांवर तिचं तोंड खाली जाणारच.

"तोकिएबाई, तुम्ही सळया खाल्ल्यात."

"तरी पोट भरलं नाही," म्हणत त्यांनी नमुना उचलला आणि फेकला. रुतला. त्या आधी चटईकडे बघत राहिल्या, मग आपल्या हाताकडे. बोटं एकेक करून मिटली, उघडली.

"तुम्ही वर्षातून एकदा सळयांचं माप घ्यायला यायचं होतं, लेथवाले."

खरं होतं. आता मी निवृत्त, हाताशी लेथ नव्हतं, म्हणून कानशीने घासून पाच नव्या केल्या. चार दिवस लागले.

गुरुजींपुढे पाचही रुतल्या. पाचवी उपटताना गुरुजींना चटईला पाय लावावा लागला, तेवढं मी पाहिलं.

चहा त्या दिवशी गुरुजींनीच केला. पांचट होता. तोकिएबाई तीन कप प्यायल्या.