खूण पोचली, आकडे ऑफिसातच

मंडळी, दुबईत अल कुसैसच्या खोलीत भरलेल्या बॅगेशेजारी बसून ग्रुपला हा मेल लिहितोय. उद्या, गुरुवारी सकाळचं विमान होतं. परवा बहिणीचं लग्न आहे.

आमची कंपनी समुद्राचा तळ मोजते. फाइलमध्ये आकड्यांचे डोंगर असतात. त्यातला कामाचा भाग दाखवायला मी रेफरन्स ठेवतो, म्हणजे "या टेबलातला एवढा तुकडा बघा" अशी नुसती खूण. आकडे खुणेत नसतात, मूळ टेबलात असतात. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन! तरी निघायच्या घाईत खुणा तेवढ्या नव्या फाइलमध्ये कॉपी केल्या आणि सीडी क्लायंटला पाठवली.

आज दुपारी मॅनेजर माझ्या डेस्कपाशी आला. "हबीबी, फाइल खुलता है, अंदर कुछ नहीं."

"सर, एक घंटे में दूसरी देता हूँ."

"क्लायंट घर गया. दो दिन छुट्टी, शनिवार को देखेगा. ओके बोलेगा, फिर पासपोर्ट. इन्शाल्ला."

आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात असतात. त्याने कुलूप ओढून बघितलं आणि गेला.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पासपोर्ट तुझाच ना? मग घे आणि ये."

काय सांगू तिला? पाकिटात झेरॉक्स आहे. नाव माझं, फोटो माझा, नंबरही बरोबर. पण तीही नुसती खूणच.

तुमचा खरा पासपोर्ट आत्ता कुठे आहे, मंडळी? हात लावून सांगा.