चैतीच्या पितळीचं सुकाणू

पोशेऱ्याचा पुंजा मला फारसा पसंत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या मागेच नदीचा डोह, आणि पुंजा रोज सकाळी त्या डोहावर येऊन पाण्याशी भांडायचा. पोरं पाढे सोडून खिडकीत जमायची. मी ओरडायचो आणि मग मीही खिडकीत जायचो.

संस्थान होतं तोवर पुंजा जव्हारला मोटारखान्यात क्लिनर होता. विलीनीकरण झालं, मोटारखाना रिकामा झाला, तेव्हा कुणी टायर नेले, कुणी पत्रे. कुणा पाहुण्याची विसरलेली एक विलायती खेळण्यातली बोट अडगळीत पडली होती, हातभर लांब, आत छोटी मोटर, टॉर्चच्या सेलवर चालणारी. ती कुणालाच नको होती, म्हणून पुंजाला मिळाली. राज्य गेल्याचं त्याला दुःख झालं की नाही, ते कळायला मार्ग नाही. तो घरी परतला तो हसतच.

विलायतेत अशा बोटी रेडिओवर चालतात, काठावर बसून हव्या तिकडे वळवता येतात, असं त्याला एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. जवळच्या मोखाड्यात मी पाहिलेला रेडिओ एकच, हॉटेलातला, आणि त्याला स्वतःचा आवाजसुद्धा धड सांभाळता येत नसे. त्यामुळे पुंजाची बोट एकदा सोडली की सोडली. ती कुठे जाणार, हे काठावरच ठरवून द्यावं लागे. ती डावीकडे जायची. पंखा एका बाजूला फिरे आणि बोट त्याच्या नादाला लागून गोल गोल फिरत बसे.

तिला सुकाणू नव्हतं. ते करायला पुंजाने पत्रा शोधला, सापडला नाही. मग त्याने घरातली पितळी, जेवायची पितळेची थाळी, घेतली आणि तिची कड कापली. ती पितळी त्याच्या बायकोची, चैतीची होती. लग्नात तिच्या आईने दिलेली, आणि आई त्याच वर्षी वारलेली. चैती शेतावरून आली, तिने चुलीपाशी पितळी पाहिली, आणि काही न बोलता नदीपल्याड बापाच्या घरी निघाली. ती रडली असती तर पुंजाला सुचलं असतं. ती गप्प होती म्हणून तो चिडला आणि तिच्या पाठीमागे ओरडला, "जा! मी या पाण्यात पाय नाय घालणार!"

सगळ्या पाड्याने ऐकलं. आता बायको आणायची तर नदी ओलांडायला हवी, आणि नदी ओलांडली तर बोललेला शब्द गेला.

त्यांच्यात रीत अशी, की रुसून गेलेल्या बायकोकडे मध्यस्थाच्या हाती नारळ पाठवायचा. तिने फोडून अर्धा परत दिला तर ती येते. अख्खा परत आला तर विषय संपला. पुंजाने भावाला, जिव्याला, विचारलं. जिव्या म्हणाला, पितळी तू कापलीस, तूच जा. मग तो माझ्याकडे आला.

"मास्तर, तू जाशील?"

"मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो. याचा नारळाशी काय संबंध, ते मलाही माहीत नव्हतं; पण चैतीचा बाप काठी जवळ घेऊन बसतो, हे माहीत होतं.

"मग बोटच जाईल," पुंजा म्हणाला.

त्याने सोललेला लहान नारळ बोटीच्या पुढच्या भागात सुतळीने बांधला. आता नाक बुडणार, हे उघड होतं. पुंजाच्या घराण्याकडे बोहाड्यातलं, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातलं, एक सोंग होतं. लाकडी मुखवटा चांगलाच जड, माणसाला पुढे ओढणारा. त्यांच्याकडे डोक्याच्या मागे गाठोडं बांधून तो भार तोलतात. बापाने तसं केलं, आजाने तसं केलं. पुंजाने बोटीलाही तसंच केलं. सेल उचलून पार मागे नेले, वर एक गोटा ठेवला.

उभी असताना बोट अगदी शहाण्यासारखी दिसली. मोटर सुरू होताच तिने नाक वर केलं, दोनदा आपटलं आणि उताणी झाली. पुंजाने वाकड्या काठीने ती ओढून घेतली आणि मागे आणखी एक गोटा ठेवला. असं किती दिवस चाललं, मोजले नाहीत. पल्याडच्या काठावर चैती कपडे धुवायला यायची. ती मान वर करायची नाही, पण कपडे मात्र फार वेळ धुवायची.

फाल्गुनात बोहाडा झाला. पुंजा मुखवटा घालून संथ पावलं टाकत नाचला, आणि मधेच थांबला. वाजंत्री ताल विसरले. लोकांना वाटलं, अंगात आलं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, सोंग चालतं हळू. बोट पळते. पळती वस्तू नाक आपणच उचलते. मी उगा मागून ओढीत होतो."

त्याने गोटे फेकले, सेल पुढे नारळाखाली आणले, सुकाणू नखाएवढं उजवीकडे वाकवलं आणि बोट सोडली. बोट जराही न डुलता सरळ रेषेत गेली आणि चैतीच्या पायाजवळच्या चिखलात रुतली. पोरं ओरडली. पुंजाने हातातली वाकडी काठी खाली ठेवली. 

चैतीने बटण बंद केलं. बोट उचलून ती झुडपामागे गेली. बराच वेळ काही दिसेना. मग ती आली, बोटीचं तोंड आमच्याकडे केलं, बटण दाबलं आणि सोडून दिली.

बोट निघाली, तीच नाक वर करून.

"अर्धा!" पुंजा पुटपुटला. आमच्या कुणाच्या डोळ्यांना नारळ दिसतही नव्हता. "मास्तर, पुढचा भार कमी झालाय. अर्धा आहे!"

तेवढ्यात डोहाच्या मध्यावर बोटीने नाक आपटलं आणि ती उताणी झाली. सुतळी सुटून नारळाची वाटी एकीकडे गेली, बोट दुसरीकडे धारेला लागली. पुंजा पाण्यात शिरला. बोललेल्या शब्दासकट शिरला, छातीपर्यंत. बोट त्याच्या हाताजवळून गेली. ती त्याला सहज धरता आली असती. त्याने वाटी धरली आणि तसाच पुढे चालत पल्याड निघाला.

चैती काठावर उभी होती. "बोट सोडलीस?" तिने विचारलं.

"नारळ बुडत होता," पुंजा म्हणाला.

वाटी मुळीच बुडत नव्हती. मजेत तरंगत होती, आणि ते चैतीनेही पाहिलं होतं. तिने धुतलेले कपडे पिळले, ओलं गाठोडं त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याच्या पुढे होऊन पाण्यात उतरली.