पालक नथी, साहेब

डहाणू रोडला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन कपडे, एक बायबल आणि एक राजीनामा होता. वीस वर्षं मी नाशिककडच्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. लग्नं लावतो, माती देतो, सासू-सुनांची भांडणं मिटवतो. गेल्या वर्षापासून मात्र मी फक्त लोकांसमोरच प्रार्थना करत होतो. एकटा बसलो की शब्दच येईनात. दमलो होतो. इथल्या मित्र-पाळकाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याच्या जागी चार दिवस काम बघायचं, परत जायचं आणि राजीनामा द्यायचा, असा बेत होता.

मुक्काम मसोलीत, मंडळीतल्या दानियलकाकांकडे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरची प्रार्थनाही ठरल्या मिनिटाला सुटते. दुसऱ्या सकाळी मी ती चुकवून रिक्षाने चिखल्याच्या किनाऱ्यावर पळालो. सुरूची झाडं, ओहोटी, माणूस नाही. वाळूत गुडघे टेकले, डोळे मिटले. दहा मिनिटांनी उघडले तर काय! देवाशी एक शब्द नाही, पण समुद्रावर तीन मुद्द्यांचं प्रवचन तयार, उपमांसकट! एक कुत्रा तेवढा शेवटपर्यंत बसून होता.

दुपारी काकांच्या स्कूटरवरून तलासरीकडे निघालो. अच्छाडजवळच्या एका पाड्यावर (वस्तीवर) प्रार्थना होती. ट्रकांच्या धुरळ्यातून गुजरातच्या वेशीवरच्या अच्छाडला पोचेपर्यंत मी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा दिसत होतो. ढाब्यावर काकांनी मोठ्या ऐटीत ओळख करून दिली, "हे आमचे पाळक."

मालकाने मान हलवली. "पालक नथी, साहेब. बटाकानुं शाक छे." (पालक नाही, बटाट्याची भाजी आहे.)

"अहो, खायची नाही! पाळक! हे स्वतः!" काका ओरडले.

मालकाने मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "आ तो सुकाई गई छे." (ही तर सुकून गेलीय.)

सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. पण बटाटा खाताना ते 'नथी' कानात वाजत राहिलं.

पाड्यावर लाडकीबायच्या कुडाच्या घरात दहा-बारा माणसं जमली होती. इथली रीत अशी, की प्रत्येकाने पाळीपाळीने आपली विनंती सांगायची आणि शेजारच्याने त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आजारी म्हैस झाली, गुडघे झाले, जावयाची दारू झाली, आणि पाळी माझ्यावर आली. शेजारी सत्तरीची लाडकीबाय.

"पास्टर, तुमचा सांगा."

"माझं राहू द्या. मी शेवटी सगळ्यांसाठी करतो."

"राहू द्या कसा? मंग मी कोनासाठी करू? अशीच बसू?"

सगळे हसले. माझ्या सबबी संपल्या. "मी दमलोय," एवढंच तोंडातून निघालं. ना उपमा, ना मुद्दे.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चुलीच्या धुराचा वास होता. "देवा, हा मानूस दमलाय. त्याला झोप दे. आनि त्याचं भाषन लहान कर."

"आमेन!" दानियलकाकांचा आवाज सगळ्यांत वर.

आणि मी झोपलो. खरोखर, कुडाला टेकून, घोरत! जाग आली तेव्हा लोक पांगले होते, अंगावर गोधडी होती आणि समोर नाचणीची भाकरी नि सुकट (सुकी मासळी). प्रवचन राहूनच गेलं होतं. बाईच्या दोन्ही मागण्या जागच्या जागी मान्य!

चौथ्या दिवशी हायवेची बस धरायला काकांनी मला पुन्हा अच्छाडला आणलं. बस येईपर्यंत ढाब्यावर बसून मी पिशवीतलं पत्र काढलं. 'राजीनामा' खोडून 'रजा' लिहिलं, एक महिन्याची. खाली एक ओळ घातली: रविवारी सगळ्यांच्या विनंत्या विचाराल, तेव्हा माझीही विचारत जा. अंगातला शीण तसाच होता. फक्त तो आता कुणाला तरी सांगून झाला होता.

तेवढ्यात मालकाने आतून हाक दिली, "साहेब, आजे पालक छे!" (आज पालक आहे!)

"छे," मी म्हणालो. "थोडी सुकाई गई छे, पण छे."