तू आज बाहेर बस

माझी जपानी भाषा प्रयोगशाळेत शिकलेली आहे. पेशी, विभाजन, डीएनएची नक्कल हे शब्द जिभेवर तयार असतात. पण इथे जपानात, आमच्या ग्योतोकु उपनगरातल्या दुकानात कोथिंबीर आहे का, हे विचारायचं झालं की मी बायकोला पुढे करतो. तिचं जपानी मोडकंतोडकं आहे, तरी तिचं काम होतं.

तिला कॅन्सर झाला तेव्हा मात्र डॉक्टरांकडे दुभाषा म्हणून मीच जाऊ लागलो. पेशींच्या विभाजनावर संशोधन करून मी पोट भरतो. माझ्याहून योग्य माणूस कोण असणार, असं मला वाटलं होतं. हे लिहितानाही कान तापतात.

केमोच्या एका सलाईनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास होतोय का? ती हळूच मला म्हणाली, "तोंड आलंय. काय खाऊ ते विचार ना."

तोंड येण्याला जपानीत काय म्हणतात, मला ठाऊक नव्हतं. तोंड उघडून बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण त्या माणसासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. म्हणून मला येत होतं ते मी विचारलं: हे औषध डीएनएची नक्कल नेमकी कुठे अडवतं? डॉक्टर खुलले. त्यांनी कागदावर आकृती काढली आणि आम्ही दोघं त्या कागदावर वाकलो. बायको मांडीवर पर्स घेऊन आमच्यामध्ये बसून होती. तेवढ्यात वेळ संपली.

परतताना गाडीत मी तिला सगळं समजावलं. शरीरात जेवढ्या पेशी झडतात, साधारण तेवढ्याच नव्या तयार होतात, म्हणून तोल राहतो. दुभंगण्याआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल काढते. गाठीतल्या पेशींना थांबणं माहीत नसतं, आणि औषध ती नक्कलच बंद पाडतं. किती सुंदर आहे बघ, असंही मी म्हणालो. गाडी नदीवरच्या पुलावर आली होती.

बाहेर बघत तिनं विचारलं, "आणि तोंडाचं काय म्हणाले?"

होईल म्हणाले कमी, असं मी ठोकून दिलं. पुढचे कितीतरी दिवस ती गार दह्यावर राहिली आणि मी तिच्यासमोर बसून झणझणीत आमटी ओरपत होतो. माझी मलाच शिसारी येते.

पुढच्या खेपेला दाराशी तिनं पर्समधून फोन काढला. तो भाषांतर करतो म्हणाली.

"तू आज बाहेर बस."

मी बसलो. दाराआडून काही ऐकू येत नव्हतं; मग एकदा दोघांच्या हसण्याचा आवाज आला. माझ्यासोबत ती त्या खोलीत कधी हसली नव्हती.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं की सलाईन चालू असताना तोंडात बर्फ धरायचा, ब्रश मऊ वापरायचा, पेज प्यायची. तोंडाच्या आतलं अस्तर म्हणे सारखं नवं होत असतं. औषधाला गाठ कुठली आणि तोंड कुठलं ते कळत नाही, म्हणून अस्तरही सोलवटतं. औषध थांबलं की पुन्हा भरून येतं. ती घाबरली होती, तिला वाटत होतं की रोग तोंडात पसरलाय. एवढं सांगून तिनं मला विचारलं,

"हे तुला माहीत होतं?"

होतं, मी म्हणालो. विद्यार्थ्यांना शिकवताना मी तोंडाच्या अस्तराचंच उदाहरण देतो, हे काही सांगवलं नाही.